गल्लीएवढी बोट

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, स्वयंपाकात कांदा-लसूण चालतो का हेही विचारलं नाही. दारातच उभं करून पहिला प्रश्न टाकला, "ओकता का तुम्ही?"

मी कोल्हापूरकडची. बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासायची नोकरी लागली म्हणून जालन्याला आलेली. अशा प्रश्नाची तयारी कुणी करून येत नाही.

"म्हणजे?"

"एसटीत. घाटात. मळमळतं का?"

"नाही."

"मंग घ्या खोली."

आतून काकूंचा आवाज आला, "बाई, मनाला लावून घेऊ नका. ते समद्यांनाच इचारतात. मला पाहाला आल्ते तव्हा बी हेच इचारलं होतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खोटं सांगितलं," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

काका नौदलातून निवृत्त झालेले. साठी ओलांडली होती, पण चालताना पाय अजून फाकवून टाकायचे, जमीन कधीही हलेल या हिशेबाने. त्यांच्या मते माणसांचे दोनच प्रकार होते: समुद्र लागणारी आणि न लागणारी. पहिल्या प्रकारावर त्यांची माया आणि दुसऱ्यावर विश्वास. मी दुसऱ्या प्रकारात बसले, म्हणून पहिल्याच दिवशी गच्चीची किल्ली माझ्या हाती आली. गच्चीला ते डेक म्हणत. मी चुकून गच्ची म्हटलं तर न ऐकल्यासारखं करत.

गल्ली त्यांना कप्तान म्हणायची. जुन्या जालन्यातली ती कापडाच्या ठोक दुकानांची गल्ली. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. दिवसातून किती वेळा तरी कुणीतरी हाक मारायचं, "काय कप्तान?" आणि काका थांबून शांतपणे सांगायचे, "कप्तान न्हाई. नाविक." त्यावर समोरचा म्हणायचा, "बरं कप्तान." हे इतकी वर्षं चाललं होतं की त्याचा नमस्कार झाला होता.

ते ज्या बोटीवर होते ती तोफा डागणारी, पेपरात फोटो येणारी बोट नव्हती. फौज वाहून नेणारी होती. किनाऱ्याला नाक टेकवायचं, नाकाची दारं उघडायची, आतून जवान आणि रणगाडे थेट वाळूवर उतरायचे. मग दारं मिटून ही परत. काका सांगायचे, "आमची म्हंजे एसटी. लग्नाला वऱ्हाड घेऊन जाती. लग्नाच्या फोटोत कधी एसटी पाह्यली का तुम्ही?"

उतारूंची झोपायची जागा, त्यांचं पाणी, त्यांच्या बादल्या, हे काकांचं खातं. बादल्या कशासाठी हे मी एकदाच विचारलं. किनाऱ्यावर चढायचं म्हणून बोटीचं बूड सपाट, आणि सपाट बुडाची बोट लाटेवर परातीसारखी डुलते. "पहाडावर बर्फात उभे राह्यलेले जवान," काका म्हणायचे, "गोळीला न भिणारे. आन् आमच्याकडं आले की एका तासात माय माय करून राह्यले." सांगताना चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नसायचा. पोरीच्या बाळंतपणाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

वाटूरच्या शेतकऱ्याचं पोर समुद्रावर गेलं कसं? तर गावातल्या पोरांबरोबर ते भरतीला गेले होते, सैन्यात शिरायला. सैन्याची रांग लांबलचक आणि ती भर उन्हात. शेजारी दुसरी रांग होती, छोटी, आणि ती लिंबाच्या सावलीत. हे सावलीत जाऊन उभे राहिले. ती रांग नौदलाची आहे हे नंबर लागल्यावर कळलं. "मग निघून का नाही आलात?" मी विचारलं.

"साहेबानं इचारलं, पोहता येतं का? म्या म्हणलं, येतं. आडात पवल्तो ना लहानपणी."

एवढ्यावर माणूस आयुष्यभराचा खलाशी झाला. बोट नवी कोरी, रंग ओला असताना ते तिच्यावर चढले आणि निवृत्तीपर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिच्यावरच राहिले. तिचं नाव मात्र घ्यायचे नाहीत. "ती" म्हणायचे. काकूंच्या बाबतीतही "ती"च म्हणायचे, त्यामुळे "तिचा खालचा भाग गंजल्ता" अशा वाक्यावर नवा माणूस दचकायचा.

तिचा इतिहास हे काकांचं पारायण. कुणीही समोर आलं, दूधवाला, मीटर बघायला आलेला पोरगा, की सुरुवात गोदीतून. मधूनच उचलणं त्यांना मान्य नव्हतं. आधी पाण्यात ढकलली तो दिवस, मग पहिलं वादळ, मग लंकेकडच्या खेपा, मग अंदमान. घाईतली माणसं दारातून हळूच काकूंना विचारायची, "कुठवर आले?" काकू आतून कांदा चिरत सांगायच्या, "लंकेतच हाईत अजून. चहा घ्या, टाइम हाय." सुनामीपर्यंत आले की सुटका जवळ आली असं समजायचं, कारण त्यानंतर ते निवृत्त होत. काकूंना सगळं पाठ होतं. काका एखादं बंदर विसरले तर भाकरी थापता थापता त्या बंदर पुरवायच्या आणि वर म्हणायच्या, "मला काय करायचंय मेलं त्या बोटीचं!"

जालना म्हणजे पाण्याची बोंब. नळ येणार त्या दिवशी गल्लीत सण असतो; पिंप, हंडे, पातेली सगळी रांगेत. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. "समुद्रात आन् जालन्यात फरक न्हाई," ते म्हणायचे, "दोन्हीकडं प्यायला पाणी न्हाई." नळाला पहिली धार लागली की ते डेकवर जाऊन बोटीवरची शिट्टी वाजवायचे, सगळ्या गल्लीसाठी. लांब, मग आखूड, मग चढती. लोक अंथरुणातून धडपडत उठायचे. कधी कधी ती भल्या पहाटे वाजायची आणि मग काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, पण हंडे भरायचे.

शेजारच्या शेठजींशी त्यांचं बिनसलं ते पाण्यावरूनच. शेठजी कापडाचे मोठे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आले, आता जालन्याचेच. दोन्ही घरांच्या गच्च्यांमध्ये एक कमरेएवढी भिंत. एके दिवशी शेठजींची टाकी भरून वाहायला लागली. काकांनी हाका मारल्या. कुणी ओ देईना. पाणी भिंतीवरून ओघळून गल्लीत चाललेलं. काकांना ते बघवेना. भिंतीवर चढून पलीकडे उतरले आणि व्हॉल्व्ह बंद करून आले. फक्त भलताच बंद केला. टाकीत येणारं पाणी येतच राहिलं आणि घरात जाणारं थांबलं, आणि घरात शेठजी अंगभर साबण लावून बसलेले.

टॉवेल गुंडाळून, डोळे चोळत ते गच्चीत आले. कुणीही शहाणा माणूस तिथे माफी मागून मोकळा झाला असता. काका म्हणाले, "बोटीवर माणूस आधी बादली बाजूला काढून ठेवतो, मंग साबण लावतो."

तेव्हापासून अबोला. मी राहायला येण्याआधीपासूनचा. काही सांगायचं झालं तर दोघंही आभाळाकडे बघून बोलायचे आणि आभाळ निरोप पोचवायचं.

मी तिथे असतानाच काकांच्या छातीत दुखलं. संभाजीनगरला नेऊन स्टेंट घातला. घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास बंद, जिने बेतानं. आणि नेमकी त्याच आठवड्यात मोबाइलवर बातमी आली. जुन्या खलाशांचा एक ग्रुप होता, त्यावर कुणीतरी टाकलं होतं, की ती निवृत्त होते आहे. विशाखापट्टणमला. शुक्रवारी, सूर्यास्ताला.

संध्याकाळी काकांनी मला वर बोलावलं आणि रिवाज समजावून सांगितला. बोट सेवेतून जाते त्या दिवशी तिच्यावर एक पांढरी पताका चढते, बुडाशी निळं चक्र, टोकाला निमुळती, आणि ती बोटीएवढी लांब लागते. सूर्य बुडाला की झेंडा उतरतो आणि पताका उतरते. त्यानंतर ती बोट नाही, नुसतं लोखंड. तिच्यावर राहिलेली माणसं तेवढ्यासाठी देशभरातून जातात.

"तिकडं तिची पताका चढून उतरंल," ते म्हणाले, "आन् म्या काय बाजंवर पडून पंखा पाहू? मला न्हाई जमायचं ते. हिथं चढवीन."

बोटीएवढी पताका, आणि जुन्या जालन्यात! पण त्यांनी हिशेब करून ठेवला होता, घर घेतलं तेव्हापासूनच. बोट गल्लीत उभी केली तर नाक आमच्या डेकला लागेल आणि शेपूट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला. मध्ये सगळ्यांच्या गच्च्या. बाकीचे नाही म्हणणार नव्हते. पहिलीच गच्ची शेठजींची.

आधी मला पाठवलं. शेठजी गादीवर बसून पान लावत होते. म्हणाले, "ज्याचं काम त्यानं यायचं, बाई. मी काय वाघ हाय का?"

मी निरोप आणला. काका भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. शेवटी काकूच बरसल्या, "एवढा समुद्र वलांडला म्हणता, आन् मधली एक भिंत वलांडना का तुमच्यानं? मागं तर बिगर इचारता वलांडली व्हती!"

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेले. जिने बेतानं म्हणून मी सोबत.

"शेठ," ते उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशी व्हॉल्व्ह माझा चुकला."

"कोणत्या दिवशी?"

"साबणाच्या."

दुकानातल्या नोकरांनी माना खाली घातल्या. शेठजींच्या मिशा हलल्या, पण हसले नाहीत. "बसा," म्हणाले. "काय दाखवू?"

"पांढरं कापड पायजे."

"किती?"

"हिथून गिरणीपस्तोर."

"मलमल चालेल?"

"न्हाई. वाऱ्यात टिकाव धरंल असं. मांजरपाट."

शेठजींचा हात पानावर थांबला. पांढरं मांजरपाट आमच्याकडे कशाला नेतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते हळूच म्हणाले, "घरात सगळं ठीक हाय ना, कप्तानसाब?"

"एक जाऊन राह्यली," काका म्हणाले. "शुक्रवारी."

"तारीख पण ठरली?"

मग मी मध्ये पडून सगळं सांगितलं. शेठजींनी ऐकून घेतलं, पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "गच्ची आपलीच समजा. शुक्रवारी सकाळी ठाणं पाठवतो. पण कप्तानसाब, आमच्या टाकीला हात लावायचा न्हाई."

आता इथे आम्हा सगळ्यांची अक्कल गहाण पडली होती. शुक्रवारी सकाळी शेठजींचे नोकर खांद्यावर मांजरपाटाची ठाणं घेऊन, अख्ख्या गल्लीसमोरून, आमच्या घरात शिरले. काकांची छाती दुखल्याचं गल्लीला माहीत. काय समजायचं ते गल्ली समजली.

घरात कुणाला पत्ता नाही. काकू मशीनवर ठाणं एकाला एक जोडत होत्या. मी स्टीलचं ताट उपडं ठेवून कपड्यांच्या निळीने पताकेवरचं चक्र काढत होते. आणि काका, संध्याकाळपर्यंत पडून राहा असं डॉक्टरांनी बजावलेलं म्हणून, दाढी करून, पांढरा गणवेश घालून, इस्त्री मोडू नये म्हणून हात-पाय सरळ ठेवून, डोळे मिटून बाजेवर उताणे झोपले होते. उशाशी पांढऱ्या कापडाची थप्पी.

शेठजींच्या पलीकडच्या मसाल्याच्या दुकानातल्या मावशी डोक्यावर पदर घेऊन आत आल्या. त्यांनी ते बघितलं आणि हंबरडा फोडला. काका ताडकन उठून बसले, "काय झालं? कोण गेलं?"

मावशी मटकन खालीच बसल्या. त्यांना कांदा हुंगवावा लागला. तोवर दारात वीसेक माणसं जमली होती आणि एकजण विचारत होता, "किती वाजता उचलायचं ठरलंय?"

"सूर्य बुडताना," आतून काका म्हणाले.

गल्लीला समजावता समजावता दुपार गेली. पण फोन आधीच वाटूरला पोचला होता. चारच्या सुमाराला एक जीप कोपऱ्यावर येऊन थांबली आणि तिच्यातून काकांच्या थोरल्या बहीण, आक्का, रडतच उतरल्या. जीप भरून भावकी. आक्कांनी सगळी गल्ली रडत पार केली, उंबरा ओलांडला आणि समोर भाऊ बशीतून चहा पिताना दिसला.

त्यांनी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग कवटाळलं. मग आठवण झाल्यासारखा आणखी एक घातला. "मंग गेलं कोण, मुडद्या?"

"बोट, आक्का. माझी बोट."

भावकीतला एकजण म्हणाला, चला मग, दूध काढायची वेळ होईल. आक्का म्हणाल्या, "तुम्ही जा. एवढ्या लांबून मातीला आले, माती झाल्याबिगर कशी जाऊ?"

कुणीच गेलं नाही.

पताका वर गेली. एक टोक आमच्या डेकवरच्या बांबूला. तिथून शेठजींच्या गच्चीवरून, मसालेवाल्यांच्या, पुढच्या दोन कापडवाल्यांच्या, थेट गिरणीच्या पत्र्यापर्यंत. मांजरपाट जड, वाऱ्याला उचलेना. मग गच्चीगच्चीवर माणसं उभी राहिली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. शेठजी धोतर खोचून स्वतःच्या टाकीच्या कठड्यावर चढले होते. वाटूरची भावकी दोन गच्च्यांवर वाटली गेली. खालून रिक्षावाले माना वर करून बघत होते. मला एकदम ती बोट दिसली. किती मोठी होती ते पहिल्यांदा कळलं.

काकूंनी मोबाइल धरला. त्यावर काकांचा जुना सोबती विशाखापट्टणमहून सगळं दाखवत होता: पांढऱ्या गणवेशांच्या रांगा, बिगुल, आणि मागे ती, करडी, नाकाची दारं मिटलेली. काकांनी सलाम ठोकला. तिकडे सूर्य बुडाला, झेंडा हळूहळू खाली आला, पताका आली. सोबती रडत होता, त्यामुळे चित्र हलत होतं. मग फोन बंद झाला.

इकडे सगळे काकांकडे बघत राहिले. उतरवा म्हणायचं काम त्यांचं.

"आपला सूर्य हाय अजून," काका म्हणाले.

खरंच होता. पूर्वेकडे लवकर बुडतो, जालन्यात उशिरा. पिवळं ऊन गिरणीच्या पत्र्यावर पडलं होतं. तिकडे ती लोखंड झाली होती आणि आमच्या गल्लीत अजून बोट होती. मला त्या उन्हाचा फार आनंद झाला. कुणाचे हात भरून आले असतील, पण कुणी ते खाली घेतले नाहीत.

मग तेही ऊन गेलं. काकांचा हात कपाळावरच. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, म्हणा आता." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. एवढासा चेहरा झाला होता त्यांचा. डॉक्टरांनी जिन्याचं सांगितलं होतं, याचं कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आक्का डेकवर खाली बसल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जमिनीवर हात टेकले आणि गावाकडे बाया गेलेल्या माणसाचे गुण सांगत रडतात तसा सूर लावला.

"गेलीस गं माझ्या बयेऽ, वाटूरच्या पोराला घरच्यासारखं पोटात ठिवलंस गंऽ, किती फौजा वाहिल्यास, किती इमानं वाहिलीस गंऽ"

"आक्का, इमानं न्हाई. रणगाडे," काका सलामातूनच म्हणाले.

"किती रणगाडे वाहिलेस गंऽ. माझ्या हातच्या कडक भाकरी तुझ्यात पोचल्या, त्या खाऊन दुसऱ्याच्या मायची लेकरं उठून बसली गंऽ"

हे मला नवीन होतं. काकूंनी कानात सांगितलं: समुद्र लागलेल्याच्या पोटात कोरडी भाकरी ठरते, म्हणून प्रत्येक सुट्टीहून जाताना आक्का त्यांना पोतंभर भाकरी तव्यावर कडक करून द्यायच्या.

"लाट आली तव्हा बेटावरच्या लेकुरवाळ्या उचलून आणल्यास गंऽ, मद्रासच्या काठाला"

"विशाखापट्टणमच्या."

"त्याच काठाला गंऽ. लंकेला गेलीस, माघारी आलीस." आक्कांचा आवाज खाली आला. "तू काठाला उतरवलेली किती लेकरं जिमिनीनं ठिवून घेतली, त्यो हिशोब जिमिनीचा. पर तुझ्या पोटातलं एक बी तू पाण्याला दिलं न्हाईस गं माय. एक बी न्हाई दिलंस."

मी रडत होते. शेठजी कठड्यावरच धोतराच्या सोग्याने नाक पुसत होते. सगळे आता काका काय दुरुस्त करतात याची वाट बघत होते.

"बराबर," काका म्हणाले. हात खाली आला. "एक बी न्हाई." मग गळा साफ करून, गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "उतरवा."

गिरणीच्या टोकाकडून कापड हातोहात, गच्चीगच्चीवरून, आमच्याकडे यायला लागलं.